कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी लिनक्सचा विचार करा, पण सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची तयारी ठेवून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्याच आठवड्यात मी वागळे इस्टेटमधल्या एका भंगारवाल्याकडे गेले होते. आमच्या दोन जुन्या मशीनचे पॉवर सप्लाय गेलेले, आणि तेवढ्यासाठी नवीन घ्यायचे म्हणजे तीन कोटेशन, सह्या, सगळं आलंच. तिथे गाळ्याच्या बाहेर ताडपत्रीखाली कॉम्प्युटरचे काळे डबे छातीइतके उंच रचलेले, चाळीसपर्यंत मोजले आणि मग सोडून दिलं. कित्येकांवर डेडस्टॉक नंबरचे स्टिकर तसेच होते. एकाचं झाकण काढून बघितलं तर रॅम जागेवर, हार्ड डिस्क जागेवर, पंख्यावरची धूळ सोडली तर मशीनला काहीही झालेलं नव्हतं. भंगारवाला म्हणाला, मॅडम ऑक्टोबरपासून असाच माल येतोय, किलोवर घेतो आम्ही. मी पाच डबे घेतले आणि घरी आणून एक चालू करून बघितलं तर कुठल्यातरी ऑफिसची पगारपत्रकं जशीच्या तशी, नावं, पॅन नंबर, बँक खाती, सगळं. ती डिस्क मी पूर्ण पुसली, पण त्या रात्री मला धड झोप लागली नाही आणि हे पत्र तेव्हापासून डोक्यात आहे.

ऑक्टोबरपासून का, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन चालू राहतं, पण सुरक्षेचे अपडेट यायचे बंद होतात. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमधे असायला हवी, म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन त्यात बसतच नाहीत, कितीही धडधाकट असली तरी. कंपन्यांना पैसे भरून अपडेट मिळतात, पहिल्या वर्षी एका मशीनचे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट आणि मग तेही बंद. शाळांसाठी हाच दर १, २ आणि ४ डॉलर असा ठेवलाय, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ज्या शाळेला आत्ता लगेच दुसरं काही जमणार नाहीये तिने निदान एवढं तरी करावं, उघडं मशीन नेटला लावून त्यावर मुलांचे आधार नंबर भरत बसू नये. पण तीन वर्षांनी परत याच जागी येऊन उभं राहायचंय हे लक्षात असू द्या.

मी नौपाड्यात राहते आणि ठाण्यातल्याच एका शिक्षण संस्थेत गेली सात वर्षं कॉम्प्युटरचं काम बघते. दोन शाळांची ऑफिसं, संस्थेचं मुख्य ऑफिस आणि एक लॅब मिळून ४६ मशीन आहेत, त्यातली ४३ लिनक्सवर आणि ३ विंडोजवर, त्या तिन्हींचं पुढे सांगते. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणारी सिस्टीम, पण फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे तिचा आतला कोड कुणालाही उघडून वाचता येतो. १४ ऑक्टोबरला मंगळवार होता, प्रथम सत्राच्या मार्कांची गडबड चालू होती, आणि आमच्याकडे काही म्हणजे काही झालं नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही की आज काही संपलंय. हे सांगताना मला बरं वाटतं हे खरंच आहे, पण त्याच्या आधी मी एकदा सपशेल तोंडावर आपटलेय आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल.

२०१९ च्या मे महिन्यात नव्या नोकरीचा उत्साह होता. संस्थेकडे पैसे नव्हते, विंडोज होतं ते कुणीतरी टाकून दिलेलं, लायसन्सचा पत्ता नाही. मी म्हटलं लिनक्स फुकट आहे, टाकूया. पेनड्राइव्ह घेऊन सहा मशीनवर बसले, लिनक्सचेच वेगवेगळे प्रकार, तीनवर उबुंटू, दोनवर मिंट, आणि एकावर सी-डॅकचं बॉस लिनक्स, कारण ते आपलं सरकारी आहे तर बघूया म्हणून. प्रत्येक मशीनवर स्क्रीन वेगळी, मेनू वेगळा, पासवर्ड वेगळा. आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात जो एक छोटा लेझर प्रिंटर दिसतो तो एकावर चालला, एकावर दर तिसऱ्या पानाला अडकला आणि बाकीच्यांवर चाललाच नाही. जूनमधे शाळा उघडली, शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी पालकांची रांग, आणि ऑफिसातल्या मॅडमनी जुनी फाइल उघडली तर मराठीच्या जागी सगळी इंग्रजी अक्षरं. ‘ठाणे’ या शब्दाच्या जागी बी, के, टिंब, के, एस. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, अहो बाहेर पंधरा माणसं उभी आहेत. त्याच संध्याकाळी मी सहाच्या सहा मशीनवर परत विंडोज टाकलं. पुढची तीन वर्षं स्टाफरूममधे लिनक्स हा शब्द काढायची माझी हिंमत नव्हती.

तेव्हा मला वाटायचं की लिनक्सचं चुकलं. खूप उशिरा कळलं की मी सहा मशीन सहा वेगवेगळ्या दिशांना सोडून दिली होती, आणि तशी सोडली असती तर विंडोजनंही मला तसंच रडवलं असतं, फक्त लोकांना त्याची सवय असल्यामुळे त्यांनी माझ्याऐवजी मशीनला बोल लावला असता.

खरं तर हा धडा मला आधीच मिळालेला होता. या नोकरीच्या आधी मी न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात डेटा एंट्रीला होते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्यात सापडलं, त्यात आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनलही होतं. बुधवारी सकाळी आम्ही कामावर आलो तर ट्रेलर पुढे सरकेनात, ड्रायव्हर फोनवर फोन करतायत आणि आमचे साहेब कागदावर कंटेनर नंबर लिहून घेतायत. नंतर मर्स्कच्या चेअरमननी दावोसला सांगितलं की त्यांनी १० दिवसांत ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले. मला त्या आकड्याचं तेव्हा नुसतं आश्चर्य वाटलं, आता कळतं की कामं विभागून, एकाच ठरलेल्या साच्यातून मशीन काढल्याशिवाय दिवसाला साडेचार हजार होत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या भोकातून तो व्हायरस पसरला त्याचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मधेच दिलं होतं, तीन महिने आधी. आणि ज्यांनी अपडेट टाकलं होतं त्यांच्याही मशीनवर तो शिरला, कारण तो एका मशीनमधून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि तोच पासवर्ड घेऊन शेजारच्या मशीनवर जायचा. आमच्या यार्डात सगळ्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड एकच होता आणि तो कीबोर्डच्या खाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता. आमचं नशीब म्हणून वाचलो, दुसरं काही नाही.

तर २०२३ च्या मे सुट्टीत परत सुरुवात केली, यावेळी उलट्या बाजूनं. आधी मशीनना हात लावलाच नाही. मुख्य ऑफिसमधल्या स्टोअररूममधे एक जुनाच डबा सर्व्हर म्हणून उभा केला, त्यात दोन नवीन डिस्क टाकल्या, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी काम चालू. उबुंटूची पाच वर्षं सपोर्टवाली २२.०४ ही एकच आवृत्ती ठरवली, सगळीकडे तीच. मग आन्सिबल नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही ओपन सोर्स, त्यात एका साध्या टेक्स्ट फाइलमधे लिहायचं की ऑफिसच्या मशीनवर हे हे प्रोग्राम हवेत, हे फाँट हवेत, हा प्रिंटर, हे कीबोर्ड, आणि हे हे नको. प्रत्येक मशीन चालू झालं की सर्व्हरकडे जाऊन ती फाइल वाचतं आणि स्वतःला तसं करून घेतं. कुणी मधे काही बिघडवलं असेल तर तेही परत जागेवर येतं. मशीन पूर्णच मेलं तर नेटवर्कवरून बूट करायचं, चहा पिऊन येईपर्यंत नवीन तयार. सगळ्यांचे लॉगिन सर्व्हरवर, फायली सर्व्हरवर, त्यामुळे क्लार्क कुठल्याही खुर्चीत बसला तरी त्याला त्याचंच टेबल समोर दिसतं. अपडेट सर्व्हर एकदाच डाउनलोड करतो आणि सगळ्यांना वाटतो, आमच्या नेटचा स्पीड बघता हे नसतं तर मार्कांच्या दिवसांत सगळं ठप्प झालं असतं. प्रत्येक मशीनला एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणि थोडी रॅम घातली, मशीनमागे अडीच हजारांच्या आत खर्च आला, आणि जी मशीन चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायची ती अर्ध्या मिनिटात समोर येतात. ती जादू लिनक्सची कमी आणि एसएसडीची जास्त आहे, हेही सांगून टाकते.

मधेच एक गोष्ट. सगळं एका जागेवरून चालतं म्हटल्यावर स्टाफरूममधे कुजबुज सुरू झाली की ही आता आमची स्क्रीन बघत बसणार. मला ते लागलं, पण त्यांची भीती रास्त होती, कारण असं करणारी सॉफ्टवेअर बाजारात आहेतच. मग एका शनिवारी मी ती फाइलच प्रोजेक्टरवर लावली आणि ओळ न ओळ वाचून दाखवली, हे फाँट, हा प्रिंटर, रात्री आठला मशीन बंद, यात तुमची स्क्रीन बघणारी एक ओळ मला दाखवा. भूगोलाच्या सरांनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तर दिलं, विषय संपला. ओपन सोर्सचा हा उपयोग लोक फार कमी सांगतात, की ज्याच्यावर ते चालणार आहे त्याला ते उघडून दाखवता येतं.

आता मराठीचं, कारण आपल्याकडे गाडी तिथेच अडते. २०१९ ला जे बी के टिंब के एस दिसलं त्याचं कारण क्रुतिदेव. क्रुतिदेव आणि तसे जुने फाँट म्हणजे फाइलमधे खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो, फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. विंडोजवरही दुसऱ्या मशीनवर हेच होतं, आपण फक्त फाँट कॉपी करून वेळ मारून नेतो. वर्षानुवर्षं असं काम झालंय, त्यामुळे आपल्या हजारो फायली अशा आहेत ज्यात ‘ठाणे’ शोधलं तर सापडत नाही, कारण तिथे ठाणे हा शब्दच नाहीये. यावेळी मी मशीन बदलायच्या आधी चार महिने फक्त फायली युनिकोडमधे, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलत होते, कन्व्हर्टर लावायचा आणि मग डोळ्यांनी तपासायचं, कारण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यातला फरक मशीनला कळत नाही आणि मुलाच्या आडनावात ती चूक गेली तर दाखला बदलायला पालकाला पुन्हा फेऱ्या. दाखल्याच्या रजिस्टरशी ताडून बघायला मला ऑफिसातल्या त्याच मॅडमनी मदत केली ज्यांच्यासमोर मी २०१९ ला मान खाली घातली होती.

त्यांचे हात टायपरायटरच्या मांडणीवर बसलेले, तीस वर्षांची सवय, त्यांना इन्स्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण कीबोर्ड मांडणी शिका म्हणणं म्हणजे उद्यापासून डाव्या हातानं लिहा म्हणण्यासारखं झालं असतं. लिनक्सवर रेमिंग्टन, म्हणजे तीच टायपरायटरची मांडणी, युनिकोडसाठी मिळते, ती त्यांच्या लॉगिनला लावून दिली, तरुण मुलांना इन्स्क्रिप्ट, आणि जे उच्चाराप्रमाणे टाइप करतात त्यांना ती सोय. लॉगिनबरोबर मांडणी येते, मशीन कुठलंही असो. मग मुख्याध्यापक म्हणाले, हा ल हिंदीतला आहे, आपला नाही. खरंच होतं. आपला पाकळीचा ल आणि हिंदीतला ल युनिकोडमधे एकच आहेत, फाँट चांगला असेल तर लिब्रऑफिसमधे, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधे, मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ल आणि श दोन्ही आपल्या वळणाचे येतात. मी ती भाषा सर्व मशीनवर एका ओळीत ठरवून टाकली. ही एक ओळ ४३ मशीनवर हातानं करायची असती तर मी केली नसती, सरांना म्हटलं असतं की चालतंय की सर. लिनक्सच्या पडद्यांचं, लिब्रऑफिसचं मराठी भाषांतर होतं त्यामागे पुण्या-मुंबईतल्या कितीतरी लोकांनी फुकट घातलेले तास आहेत, कुणीतरी त्यांना एकदा धन्यवाद म्हणायला हवं, ते मी इथे म्हणते.

ती तीन विंडोज मशीन कुठली, तर एक अकाउंट्सचं, कारण टॅली विंडोजवरच चालतं. एक डिजिटल सहीच्या टोकनसाठी, लिनक्सवर तो चालतो पण ऐन टेंडरच्या शेवटच्या तासाला मला प्रयोग नको होते. आणि एक अंगठ्याच्या मशीनसाठी. तिन्हीवर विंडोज ११ रीतसर विकत घेतलंय. बाकी शाळांच्या सरकारी साइट, शालार्थ म्हणा, सरल म्हणा, युडायस म्हणा, सगळं ब्राउझरमधे चालतं आणि ब्राउझरला खाली काय आहे याचं सोयरसुतक नसतं. ज्यांना वाटतं की सगळंच्या सगळं बदललं तरच बदललं, त्यांना मी सांगेन की ती तीन मशीन ठेवली म्हणूनच उरलेली ४३ टिकली.

बाहेर हे मोठ्या प्रमाणावर झालंय आणि बिघडलंयसुद्धा. फ्रान्समधे जांदार्मरी म्हणून पोलीस दल आहे, त्यांनी २००५ ला आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, ओपनऑफिस आणलं, मग ब्राउझर आणि मेल, आणि लोकांचे हात बसल्यावर २००८ पासून खालची सिस्टीम बदलून उबुंटू आणलं, आज त्यांची एक लाखाच्या आसपास मशीन त्यावर आहेत. तिकडे म्युनिक महापालिकेनं २००३ ला ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० मशीन बदलली आणि २०१७ ला नगरसेवकांनी मत देऊन परत विंडोजचा रस्ता धरला. विरोधक म्युनिकचं नाव नेहमी घेतात आणि घ्यायलाच हवं, पण तिथल्या तक्रारी वाचल्या तर बऱ्याचशा आयटीची माणसं खात्याखात्यांत विखुरलेली असण्याच्या आहेत, माझ्या त्या सहा मशीनची आठवण होते. आता जर्मनीतलंच श्लेसविग-होल्श्टाइन राज्य ३०,००० मशीनचं हेच काम करतंय, तेही ऑफिसचं सॉफ्टवेअर आणि मेल यांपासून सुरुवात करून.

आणि एवढं लांब कशाला, केरळ. २००१ ला त्यांचा आयटी अॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याचीच काइट ही संस्था झाली, तिने शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार केली, तिथल्या अभ्यासक्रमाला लागणारे प्रोग्राम आत घालूनच, आणि शिक्षकांना शिकवलं. २०१९ ला त्यांनी दोन लाख मशीनवर ती टाकताना सांगितलं की लायसन्सचे ३,००० कोटी रुपये वाचतात. तो हिशोब त्यांचा आहे, मला त्या आकड्यापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते की कासरगोडच्या शाळेत आणि तिरुवनंतपुरमच्या शाळेत मशीन उघडलं की समोर तेच येतं, शिक्षकाची बदली झाली तरी त्याला नव्यानं शिकायला लागत नाही.

एका जागेवरून चालवण्यात धोका आहे तोही बोलायला हवा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं एक बिघडलेलं अपडेट एकदम सगळीकडे पाठवलं आणि ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यायला लागले. एका जागेवरून चूक केली तर ती सगळीकडे एकदम होते. म्हणून आमच्याकडे कुठलाही बदल आधी माझ्या दोन मशीनवर, मग लॅबमधल्या चारवर, आणि आठवडा गेला की बाकीच्यांवर जातो, फक्त घाईचं सुरक्षा अपडेट असेल तर दोन दिवसांत. सर्व्हरची किल्ली कीबोर्डखाली नसते, पासवर्डबरोबर वेगळी चावी लागते, आणि बॅकअपची एक डिस्क दर शुक्रवारी ऑफिसच्या बाहेर जाते. लिनक्सला व्हायरस लागत नाही असंही कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मार्च २०२४ मधे लिनक्सबरोबर येणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रामात कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमवून चोरदार बसवलेलं सापडलं होतं, एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय हे खटकलं म्हणून. सोर्स उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं, पण ते कुणाला तरी खटकावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं हे की ऑफिसं लिनक्स फुकट आहे म्हणून घेणार असतील तर घेऊ नयेत. वाचलेल्या पैशातून एक माणूस नेमा, ज्याला हे येतं आणि ज्याला हे करायला वेळ आहे, नाहीतर दोन-चार शाळा, दोन-चार पतसंस्था मिळून एक नेमा, एका माणसाला दोनशे मशीन जड नाहीत जर ती एका साच्यातली असतील. मी रजेवर गेले तर काय, हा प्रश्न संस्थेनं मला विचारला आणि तो बरोबर होता, म्हणून सगळी माहिती मराठीत लिहून एका वहीत आहे आणि लॅबच्या सरांनी माझ्याशिवाय एक मशीन पहिल्यापासून उभं करून दाखवलंय. जुलै २०२५ मधे गुजरातच्या नायरा एनर्जी रिफायनरीची मायक्रोसॉफ्टची सेवा युरोपच्या निर्बंधांमुळे बंद झाली होती, त्यांना दिल्ली हायकोर्टात जावं लागलं आणि मग ती परत चालू झाली. आमच्यासारख्या शाळेवर कोण निर्बंध घालणार, पण सर्व्हर आपल्या खोलीत आणि त्याची वही आपल्या कपाटात असली की त्या काळजीची गरजच राहत नाही.

आता महापालिका, पंचायत समित्या, सरकारी ऑफिसं. ठाणे असो की नवी मुंबई, तिथली मशीन आपल्या कराच्या पैशातली. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्यावी आणि पुरवठादार ते देत नसेल तर त्यानं कारण लिहावं. संरक्षण मंत्रालयानं २०२३ ला उबुंटूवर आधारलेली माया ही सिस्टीम आणली. म्हणजे नियम आहे, उदाहरण आहे, सी-डॅकसारखी संस्था पुण्यात आहे. माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी नव्या कॉम्प्युटरचं टेंडर निघेल तेव्हा जुनी मशीन का चालत नाहीत हे एका ओळीत लिहा, आणि जी द्यायची ती हार्ड डिस्क पुसून, नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राला द्या. पन्नास मशीनचं एखादं प्रभाग समितीचं ऑफिस घ्या, तिथल्या फायली आधी युनिकोडमधे आणा, मग ऑफिसचं सॉफ्टवेअर, मग सिस्टीम, एक वर्ष द्या. आणि ज्या क्लार्कच्या हाताखाली ते चालणार आहे त्याला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा.

भंगारातून आणलेल्या त्या पाच डब्यांपैकी चार आता आमच्या वाचनालयात आहेत. तलावपाळीच्या बाजूच्या दोन शाळांमधली माणसं येऊन बघून गेली. अजून कुणाला बघायचं असेल तर शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते, तुमच्यामार्फत पत्र आलं तरी मी पत्ता कळवीन. येताना तुमच्या ऑफिसातली सगळ्यात जुनी, सगळ्यात त्रासाची क्रुतिदेवची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, आणि ती रोज टाइप करणाऱ्या माणसालाही बरोबर आणा.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)